जुन्या इंजिनाला गार हवा द्या, पण गाळून द्या



ऊस विकास विभागाने लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा यांविषयी लिहावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. मग आज इंजिनाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. तोडलेला ऊस फडात किंवा रस्त्यात जितका जास्त वेळ पडेल, तितके त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. वजन घटले की तोटा ऊस घालणाऱ्याचा. साखर घटली की तोटा उताऱ्याचा, म्हणजे पुन्हा आपल्या सर्वांचाच. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. पण तो ओढून आणणारा ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचा असेल आणि चढ लागला की काळा धूर ओकून दम टाकत असेल, तर आमच्या सांगण्याला काय अर्थ?

गाडीतळावर नंबराची वाट पाहत बसलेल्या मंडळींत अलीकडे एक चर्चा वारंवार कानावर येते. "इंजिनाला गार हवा मिळाली की गाडी पळते." मग कोणी पाइप जोडून हवेचे तोंड बाहेर काढतो, कोणी बोनेट उतरवून ठेवतो, कोणी हवेच्या तोंडाला ओले पोते बांधतो, तर कोणी एअर क्लिनरच काढून टाकतो. मूळ कल्पना खोटी नाही. परंतु यांतले काही उपाय चांगले, काही निरुपयोगी आणि काही चक्क इंजिनाचा जीव घेणारे आहेत. कोणता उपाय कोणत्या वर्गातला, हे समजून घेण्यासाठी हा पाठ.

इंजिन किती हवा खाते?

आपण डिझेलचा हिशेब ठेवतो, हवेचा ठेवत नाही, कारण हवा फुकट मिळते. पण इंजिन डिझेलपेक्षा हवाच कितीतरी पटीने अधिक खाते.

समजा, आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन अडीच लिटरचे आहे आणि ते मिनिटाला २००० फेरे घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढली जाते. म्हणजे मिनिटाला १००० वेळा अडीच लिटर, एकूण २५०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून २००० लिटर धरू. तासाला झाले १ लाख २० हजार लिटर, अर्थात १२० घनमीटर. आपल्या देशावरच्या पठारावर, सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर, ३५ अंश उष्णतेच्या या एवढ्या हवेचे वजन साधारण १३० किलो भरते. बियाण्याच्या पोत्यासारखी हवा तोलता आली असती, तर तासाला सव्वा क्विंटलहून जास्त भरली असती!

एक किलो डिझेल पुरते जळायला हिशेबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा यांची मिसळण क्षणार्धात व्हायची असते, म्हणून जादा हवा हाताशी लागते. साधारणपणे एका किलोला १८ किलोच्या आसपास खाली आले की काही डिझेल अर्धवट जळते आणि काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडते. काळा धूर तो हाच. तो आपल्या खिशातल्या डिझेलचाच धूर आहे, हे विसरू नये.

आता उष्णतेचा संबंध पाहू. हवा तापली की फुगते. तेवढ्याच लिटरमध्ये तिचे वजन कमी भरते. दर तीन अंशांना साधारण एक टक्का, एवढे ढोबळ सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. ३५ अंशांची हवा ६५ अंशांवर गेली, तर तिचे वजन नऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे आपल्या १३० किलोंतले सुमारे १२ किलो कमी झाले. भर ओढीच्या वेळी हे इंजिन तासाला आठ लिटर, म्हणजे पावणेसात किलोच्या आत-बाहेर डिझेल घेते असे धरू. गार हवेत एका किलो डिझेलला साडेएकोणीस किलो हवा मिळत होती. तापल्या हवेत साडेसतराच मिळाली. पंप मात्र पहिल्याइतकेच डिझेल टाकतो. त्याला हवेचे वजन कळत नाही. गाडी धुरकट का झाली, ओढ का कमी झाली, याचे उत्तर या हिशेबात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. रिकामी ट्रॉली घेऊन सपाट रस्त्याने जाताना डिझेल इंजिनाकडे हवा मुबलक असते. तेव्हा हवा थोडी गरम असली तरी फारसे बिघडत नाही. फरक पडतो तो भरल्या खेपेला, चढावर, पूर्ण ओढीत. म्हणून "गार हवेने डिझेल निम्म्यावर आले" असे कोणी सांगू लागले, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

हवा तापते कोठे?

डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बहुतेक रेडिएटरच्या पाण्यात उतरते. रेडिएटरचा पंखा समोरची हवा जाळीतून ओढतो आणि ती तापलेली हवा मागे इंजिनावर सोडतो. शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. भर ओढीत त्याच्या आतला धूर कित्येक शे अंशांचा असतो. थोडक्यात, बोनेटखाली भट्टी पेटलेली असते. एअर क्लिनरचे तोंड या भट्टीत उघडत असेल, तर इंजिन स्वतःचीच उष्ण हवा पुन्हा पोटात घेते.

ज्या ट्रॅक्टरांत हवेची नळी बोनेटच्या वर आलेली आहे आणि तिच्यावर टोपी आहे, त्यांना बहुधा काहीच करावे लागत नाही. बनवणाऱ्याने तो विचार आधीच केलेला असतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. काही गाड्यांत, जीप व पिकअप धरून, हवेचे तोंड बोनेटच्या आतच असते. दुसरे म्हणजे, मुळात बाहेरून हवा आणणारा पाइप होता, पण कधीतरी दुरुस्तीत तो फाटला, क्लिपा हरवल्या आणि "त्याच्यावाचून चालतंय की" म्हणून तो परत बसवलाच नाही. जुन्या गाड्यांत ही दुसरी गत फार आढळते. अशा गाडीला नवी युक्ती नको, जुना पाइप परत हवा.

आणखी एक गैरसमज दूर करू. गाळणीनंतर इंजिनाकडे जाणारी नळी हाताला गरम लागते, म्हणून काही जण तिला पोते, फोम, चिंध्या गुंडाळतात. साठ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून आपली ती मिनिटाला २००० लिटर हवा सेकंदाला जवळजवळ बारा मीटर वेगाने धावते. एक मीटर लांबीच्या नळीत ती सेकंदाचा बारावा हिस्साच काय ती थांबते. एवढ्या वेळात तापून तापणार किती? हवा नळीत थोडी आणि तोंडाशी फार तापलेली असते. तेव्हा लक्ष तोंडाकडे द्यावे.

आधी मोजा, मग हात घाला

माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आम्ही सांगतो. येथेही तोच नियम. लांब तारेचे टोक असलेला साधा डिजिटल तापमापक बाजारात मिळतो. त्याचे टोक एअर क्लिनरच्या तोंडाजवळ, बाहेरच्या बाजूस, तारेने पक्के बांधा. ते आत ओढले जाणार नाही आणि पंख्यात जाणार नाही, याची खात्री करा. काचेचा तापमापक वापरू नका. भरली खेप घेऊन अर्धा तास गाडी चालल्यावर आकडा बघा; गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी दुसऱ्याने बघावा. त्याच वेळी बाहेरच्या सावलीतले तापमान टिपा.

दोन्ही आकड्यांत आठ-दहा अंशांपर्यंतच फरक असेल, तर काही करू नका; पैसे वाचले. फरक पंधरा-वीस अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढच्या पायऱ्या आपल्यासाठी आहेत.

पहिली पायरी: साफसफाई

रेडिएटरच्या जाळीवर पाचटाची कुसे, धूळ आणि तेलाचा थर बसून गोधडी झालेली असते. त्याने पाणीही तापते आणि बोनेटखालची हवाही. फडातून निघताना जाळी हाताने झाडा. आठवड्याला पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने धुवा. झोत जपून मारा, जोराने मारला तर पात्या वाकतात. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे असेल तर ते जागेवर ठेवा. ते काढले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच हवा घुसळत राहतो. फॅन बेल्टचा ताण पहा.

एअर क्लिनर ऑईल बाथचा असेल, तर वाटीतले तेल खुणेपर्यंतच असावे. हंगामात फडातल्या धुळीत ते रोज बघावे; तळाशी चिखल दाटला की वाटी धुऊन नवे तेल घालावे. खुणेच्या वर तेल कधीही भरू नका. जादा तेल इंजिनात ओढले गेले, तर इंजिन त्याच तेलावर भरधाव सुटते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. कागदी गाळणी असेल तर ती कंपनीच्या सूचनेप्रमाणे बदला. चोंदलेली गाळणी गरम हवेपेक्षाही जास्त नडते. आमच्या पाहण्यातल्या एका ट्रॅक्टरचा पंप उतरवून बांधायचे घाटत होते. प्रत्यक्षात जाळीवर पाचट आणि गाळणीत चिखल, एवढाच आजार निघाला.

दुसरी पायरी: पत्र्याची आड

हवेचे तोंड किंवा एअर क्लिनर मॅनिफोल्डच्या अगदी शेजारी असेल, तर मध्ये जी. आय. किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा उभा करा. तो मॅनिफोल्डला चिकटवू नका. दोहोंत किमान अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा हवी, वरची-खालची बाजू उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. पत्रा अंगानेच उष्णता परतवतो. चकचकीत बाजू मॅनिफोल्डकडे ठेवा. वायसर आणि लॉकनट घालून पक्का करा. सैल पत्रा थरथरून तुटतो, आणि तुटलेला पत्रा पंख्यात किंवा डिझेलच्या नळीवर गेला तर पंचाईत.

मॅनिफोल्डला दोरी किंवा पट्टी गुंडाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आम्ही ती सुचवत नाही. आत कोंडलेल्या उष्णतेने जुने बिडाचे मॅनिफोल्ड तडकू शकते; पट्टीत तेल मुरले तर पेट घेते. जुन्या गॅरेजमध्ये अॅस्बेस्टॉसची दोरी अजून पडलेली असेल, तर तिला हातसुद्धा लावू नका. तिची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनी रोग उभा करते.

तिसरी पायरी: हवेचे तोंड बाहेर काढणे

खरा गुण येतो तो येथे. गाळणीच्या आधीच्या तोंडाला पाइप जोडून ते तोंड रेडिएटरच्या गरम वाऱ्यातून बाहेर आणायचे. करताना पुढील गोष्टी पाळा.

१) पाइपचा व्यास मूळ तोंडापेक्षा कमी नको. ७५ मिलिमीटरच्या तोंडाला ५० मिलिमीटरचा पाइप लावला, तर वाट निम्म्याहूनही कमी होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. मग गार हवेने मिळवले ते अरुंद वाटेने घालवले, असा प्रकार. पाटाला मोठा दरवाजा आणि पुढे बारीक चारी, तर पाणी कसे पोचणार?

२) वळणे कमी ठेवा. काटकोन टाळा, लांब गोलाई घ्या. पाइप जितका आखूड तितका बरा.

३) तारेची गुंडाळी असलेला रबरी होज किंवा पत्र्याचा पाइप वापरा. पाणीपुरवठ्याचा पी.व्ही.सी. पाइप इंजिनाजवळ नको. तो ७०-८० अंशांना मऊ पडतो, आत चेपतो आणि हवेची वाट बंद करतो. तार नसलेला मऊ होजही ओढीने चिकटतो.

४) तोंड उंच ठेवा. पुढच्या चाकाजवळ, खाली, बंपरमागे हवा गार असते हे खरे, पण तेथे धूळही सर्वांत दाट असते. ओढा ओलांडताना पाणी ओढले गेले, तर प्रकरण फारच महागात जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी आले की कनेक्टिंग रॉड वाकतो.

५) तोंडावर पावसाची टोपी आणि जाळी हवी. मुळात धूळ वेगळी काढणारी टोपी असेल तर तीच वर न्यावी, काढून टाकू नये.

६) सायलेन्सरच्या तोंडापासून दूर ठेवा. स्वतःचा धूर स्वतःच ओढणे यापेक्षा गरम हवा परवडली.

७) पाइपला मध्ये आधार द्या. त्याचे वजन एअर क्लिनरच्या गळ्यावर लोंबकळू नये. स्टिअरिंग, पंखा, बेल्ट यांपासून तो मोकळा असावा, आणि उंच केलेल्या पाइपमुळे चालवणाऱ्याला पुढचा रस्ता झाकला जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची रेघ

आता या पाठातली मुख्य गोष्ट. काय करायचे ते गाळणीच्या आधी करा. गाळणीनंतरच्या नळीला, रबराला, जोडाला हात लावू नका.

कारण समजून घ्या. गाळणीच्या आधी जोड थोडा सैल राहिला, तर काय होईल? थोडी गरम हवा आत जाईल, एवढेच. तीही गाळूनच पुढे जाईल. पण गाळणीनंतरच्या नळीत सुईएवढी फट राहिली, तरी इंजिनाची ओढ तेथून फडातली धूळ न गाळता आत घेते. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये ती सहाणेसारखे काम करते. ठिबकचा फिल्टर चांगला असून त्याच्या पुढची नळी फुटली आणि तोट्या मातीने बुजल्या, हे आपण पाहिले आहे. तोट्या बदलता येतात. लायनर बदलायला इंजिन खोलावे लागते.

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाने गाळणीनंतरची रबरी नळी कापून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातला आणि जोडावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. गाडी छान पळते, म्हणून दोन महिने समाधान होते. हंगामाच्या शेवटी इंजिन तेल खाऊ लागले, ब्रीदरमधून धूर येऊ लागला, सकाळी चालू होईना. खोलल्यावर रिंगा आणि लायनर झिजलेले निघाले. ट्रॅक्टरचे कर्ज फिटायचे होते, वाहतुकीचा करार अर्धा राहिला होता आणि घरचा खोडवा फडात उभा होता. पाइपचा तुकडा किती रुपयांचा असेल? त्याची किंमत अशी मोजावी लागली.

म्हणून काम झाल्यावर एक परीक्षा करा. गाळणीनंतरच्या नळीचे टोक सुटे करून आतून पांढरे फडके फिरवा. फडक्यावर मातकट धूळ आली तर कोठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत गाडी फडात नेऊ नका. ही परीक्षा पाइप न बदललेल्या गाडीलाही हंगामापूर्वी एकदा करावी.

हे करू नका

ओले पोते बांधू नका. कोरड्या हवेत पाणी उडताना हवा गार होते, हे खरे. माठाचे पाणी त्यानेच गार होते. पण ओल्या पोत्यावर धूळ बसली की चिखल होतो, हवेची वाट कोंडते आणि तागाचे तंतू आत जातात. गार हवा अर्धपोटी मिळण्यापेक्षा गरम हवा पोटभर मिळालेली बरी.

एअर क्लिनर काढून गाडी चालवू नका. एक खेपसुद्धा नको.

थर्मोस्टॅट काढू नका. "पाणी थंड राहील" म्हणून मिस्त्री तो काढून देतात. पण इंजिन ठरलेल्या उष्णतेपेक्षा थंड चालले तर झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागते. आपल्याला ओढलेली हवा गार हवी आहे, इंजिन गार नको.

बोनेट कायमचे उतरवू नका. पंखा आणि बेल्ट उघडे पडतात. धोतराचा सोगा, पदर, उपरणे त्यात सापडायला क्षण लागत नाही.

हवा वाढली म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवू नका. मिळवलेली सारी हवा त्यात जाते, धूर पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि पिस्टन, गॅस्केट यांवर ताण पडतो.

गुण आला की नाही, कसे ओळखाल?

नव्या वाणाची परीक्षा घेताना आपण शेजारी जुन्या वाणाच्या चार सऱ्या ठेवतो. नुसते "बरं वाटतंय" म्हणून वाण पसरवत नाही. तसेच येथे करा. एका वेळी एकच बदल करा. बदलापूर्वी तीन खेपा आणि नंतर तीन खेपा, शक्यतो तोच रस्ता, तीच ट्रॉली, तोच चालवणारा. वजनकाट्याची पावती आपल्याकडे असतेच. तिच्यावरचे वजन लिहा. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरा, परत येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरा. किती लागले ते लिहा. चढाला कोणता गिअर लागला, धूर कसा होता, तेही लिहा.

अपेक्षा माफक ठेवा. समजा खेपेला पाच लिटर डिझेल लागते आणि दोन-तीन टक्के वाचले, तर खेपेला १०० ते १५० मिलिलिटर. दोनशे खेपांच्या हंगामात २० ते ३० लिटर. वाईट नाही, पण श्रीमंत होण्याइतकेही नाही. खरा फायदा आहे तो धूर कमी होण्यात, चढाला एक गिअर वाचण्यात आणि इंजिनाचे आयुष्य टिकण्यात.

काही शंका

गाडीतळावर तास-तास इंजिन चालू ठेवले तर? जाग्यावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली उष्णता साठत राहते आणि डिझेल फुकट जाते. नंबराला वेळ असेल तर इंजिन बंद करा. मात्र भर ओढीने आल्यावर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्या.

नव्या टर्बो गाडीला हे उपाय चालतील का? नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती फार तापते, आणि तिला गार करायला काही गाड्यांत इंटरकूलर मुळातच बसवलेला असतो. तेथे जोडजंतर करू नका. इंटरकूलरच्या जाळीवरचे पाचट काढणे आणि होजच्या क्लिपा पाहणे, एवढेच आपले काम. सेन्सर असलेल्या गाडीचे बाकी काम जाणत्या माणसाकडे द्या.

जुन्या पेट्रोल जीपचे काय? थंड देशांसाठी बनलेल्या काही जुन्या पेट्रोल गाड्यांत हिवाळ्यासाठी मॅनिफोल्डजवळची गरम हवा घेण्याची झडप असते. आपल्याकडे ती उन्हाळ्याच्या खुणेवर आहे ना, एवढे पाहावे. पुष्कळ वेळा ती वर्षानुवर्षे उलटीच राहिलेली असते.

मंडळी, वरचे सगळे करूनही ट्रॅक्टर चढाला थांबतच असेल, तर दोष हवेचा नाही, ओझ्याचा आहे. पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीला पन्नास अश्वशक्तीचे ओझे कोणतीही गार हवा ओढून देणार नाही. दोन मोळ्या कमी भरा आणि ट्रॉलीमागे लाल परावर्तक पट्टी लावा. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढून जाळी, वाटी, पाइप आणि क्लिपा एवढे चार जिन्नस तपासा. तोंडाशी तापमान मोजून आणाल, तर गट कार्यालयात या. पाइप लावावा की नाही, ते आपण आकडे समोर ठेवून ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी